तांदळातला सोंडा आणि रताळ्यातला सोंड्या: भुंगेऱ्यांची कुळं ओळखायची कशी, नाती लावायची कशी

रताळी काढणीला आली होती. शेजारच्या आक्कानं दोन बरण्या आणून माझ्यापुढं ठेवल्या. एकीत तांदळाच्या कणगीतले सोंडे, दुसरीत किडक्या रताळ्यातून निघालेले किडे. "बघ की रे जरा. तांदळातलंच हे शेतात गेलंय काय? कणगी धुऊन उन्हात टाकली तर रताळी वाचतील काय?"

दोघांनाही सोंड, दोघेही दाण्याएवढे, दोघेही आतून पोखरणारे. हे दोन जीव एकच आहेत, चुलतभाऊ आहेत, की नुसते एका गावचे? भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणाचा सगळा खटाटोप या एका प्रश्नासाठी चालतो. आक्काचं उत्तर दहा मिनिटांत मिळालं, तेही सोनाराच्या भिंगाखाली. ते कसं मिळालं आणि तीच रीत घर, शेत आणि खानापूरच्या रानात कशी वापरायची, ते इथं सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या आपल्या पोरांना कॉलेजात हे इंग्रजीतून पाठ करावं लागतं. पण भुंगेरे तर आपल्याच उंबऱ्यात फिरत असतात, म्हणून ते मराठीतून समजावून घ्यावेत असं मला फार वाटतं.

आधी भुंगेराच आहे ना?

मिरगाच्या पहिल्या पावसानंतर बांधावर मखमली लाल किडा दिसतो. पोरं त्याला काडेपेटीत ठेवतात. त्याचे पाय मोजा: आठ. तो कोळ्याच्या नात्यातला, कीटकच नव्हे. कीटकाला सहा पाय.

भुंगेऱ्याची खूण पाठीवर असते. वरचे दोन पंख उडायला नसून झाकायला असतात. ते कडक ढालीसारखे होतात आणि पाठीच्या मध्यावर सरळ रेघेत एकमेकांना भिडतात. उडायचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. ढेकणाच्या जातीतले वास मारणारे चपटे किडे यात सहज मिसळतात, पण त्यांचे पंख एकावर एक चढतात आणि तोंडाला चोखायची सुई असते. भुंगेऱ्याला चावायचे जबडे असतात. सोंडा किड्याच्या सोंडेच्या टोकालाही जबडेच असतात, सुई नसते.

ही ढालीची युक्ती फार यशस्वी ठरली. आजवर नावं दिलेल्या भुंगेऱ्यांच्या जाती सुमारे चार लाख आहेत. कीटकांच्या दुसऱ्या कुठल्याही गणात, म्हणजे मोठ्या गटात, इतक्या जाती नाहीत. गणाचं शास्त्रीय नाव कोलिऑप्टेरा, म्हणजे म्यानात पंख असलेले.

गोळा करणं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मऊ टोकाचा चिमटा, झाकणाच्या छोट्या डब्या आणि पेन्सिल एवढ्यावर काम सुरू होतं. रात्री अंगणात पांढरी चादर टांगून पुढं दिवा लावला की मे-जूनमध्ये भुंगेरे आपणहून येतात. जमिनीवर पळणाऱ्यांसाठी प्लास्टिकचा पेला काठापर्यंत मातीत पुरायचा. आत थोडं शेण लटकवलं तर शेणकिडे मिळतात. झाडावरच्यांसाठी फांदीखाली उलटी छत्री धरून फांदीला काठीनं दोन-चार ठोके द्यायचे.

तीन किड्यांना उघडा हात लावू नका. उडीद, तूर आणि भेंडीच्या फुलांवर बसणारा काळा-नारिंगी पट्ट्यांचा हिंगे कँथॅरिडिन नावाचं विष सोडतो. त्यानं कातडीला फोड येतात आणि तो चाऱ्यातून पोटात गेला तर जनावरालाही अपाय होतो. भाताच्या दिवसांत दिव्याला येणारा मुंगीसारखा सडपातळ, तांबडा-काळा पेडेरस अंगावर चिरडला तर भाजल्यासारखा चट्टा उठतो. त्याला चापट न मारता फुंकरीनं उडवायचं आणि जागा साबणानं धुवायची. तिसरा सहा ठिपक्यांचा मोठा काळा भुईभुंगेरा. तो फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो, म्हणून तोंड त्याच्याजवळ नेऊ नका.

किडा मारायचा तर डबीसकट एक-दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. नुसतं निरीक्षण करायचं तर ७० टक्के अल्कोहोल पुरतं. पुढं डीएनए तपासायचा विचार असेल तर ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोल आणि थंडावा हवा. मोठ्या भुंगेऱ्याला टाचणी लावतात ती उजव्या ढालपंखातून, मधल्या पाठीतून कधीच नाही, कारण मधली रेघ आणि पोटाचा मध्य यांवरच ओळख ठरते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर कागदाच्या त्रिकोणी टोकाला डिंकानं चिकटवा.

भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही किडा उचलायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. जांबोटी-कणकुंबीकडं फिरायला गेलात तर शेजारी पट्टी ठेवून वरून, बाजूनं आणि शक्य असेल तर खालून फोटो घ्या.

चिठ्ठीबद्दल मात्र मी कडक आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, कशावर सापडला, कसा पकडला, कुणी पकडला, एवढं त्याच दिवशी लिहायचं. महिना आकड्यात लिहू नका. ५-६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे वर्षानं तुम्हालाही सांगता येणार नाही. अल्कोहोलच्या नळीत चिठ्ठी आतच टाका आणि पेन्सिलनं लिहा, शाई विरघळते. माझ्या पहिल्या दोन वर्षांचे जवळपास शंभर भुंगेरे चिठ्ठीअभावी वाया गेले. दिसायला सुरेख होते, पण कुठल्या गावचे, कुठल्या झाडावरचे हे न कळल्यामुळं त्यांचा कुणालाच उपयोग झाला नाही.

आता त्याला उताणा करा

नवशिके रंग आणि ठिपके बघून नाव शोधायला लागतात. रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी भुंगेरा उताणा करायचा आणि मागच्या पायांचा खुबा बघायचा, म्हणजे पाय शरीराला जिथं जोडलेला असतो तो भाग.

हा खुबा छातीला पक्का चिकटलेला असेल, हलत नसेल आणि मागं इतका पसरला असेल की पोटाच्या पहिल्या पट्टीचे डावा-उजवा असे दोन तुकडे पडले असतील, तर तो अॅडेफागा या उपगणातला, म्हणजे गणाच्या पोटगटातला. भुईभुंगेरे, नदीकाठच्या वाळूत धावणारे वाघ-भुंगेरे, विहिरीतले पाणभुंगेरे आणि पाण्यावर गरगर फिरणारे भोवरे या उपगणात येतात. बहुतेक शिकारी. पोटाची पहिली पट्टी अखंड असेल तर तो पॉलिफागातला. सगळ्या भुंगेऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के इथं मोडतात. आर्कोस्टेमाटा आणि मिक्सोफागा हे आणखी दोन उपगण आहेत, पण त्यांच्यात जाती थोड्या आणि शेता-घरात त्यांची गाठ पडायची शक्यता कमी.

ही एक खूण किती उपयोगी, ते विहिरीवर कळतं. पाण्यात दोन काळे, होडीच्या आकाराचे भुंगेरे पोहत असतात, वरून अगदी जुळे. एक मागचे दोन्ही पाय एकदम मारतो, वल्ह्यासारखे. दुसरा पाय आळीपाळीनं हलवतो, चालल्यासारखे. उताणे केले की पहिल्याची पट्टी दुभंगलेली, दुसऱ्याची अखंड. पहिला डिटिस्किडी कुलातला (कुल म्हणजे घराणं), अॅडेफागा. दुसरा हायड्रोफिलिडी कुलातला, पॉलिफागा. पाण्यात राहायला सोयीचा म्हणून दोघांनी एकच आकार वेगवेगळ्या वाटेनं कमावला. तोंडवळा सारखा म्हणून नातं जवळचं, असं धरून चालता येत नाही.

मणी मोजा

पायाच्या टोकाला, नखांच्या अलीकडं लहान लहान खंड असतात. शास्त्रात त्यांना पदखंड म्हणतात, मी मणी म्हणतो. पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायाचे मणी त्या क्रमानं मोजायचे. मूळचा हिशेब ५-५-५.

पिठातला तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम, घ्या. पुढं पाच, मधे पाच, मागं चारच. आता तुरीच्या फुलावरचा हिंगे चिमट्यानं धरून मोजा. तोही ५-५-४. एक डब्यात पीठ खातो, दुसरा उन्हात फुलं खातो, रंगरूपात काडीचं साम्य नाही, तरी दोघे टेनेब्रिओनॉइडिया या एकाच महाकुलातले, म्हणजे अनेक कुलांच्या एकाच गटातले. पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मी संध्याकाळपर्यंत डबे उघडत बसलो होतो. या पिठातल्या भुंगेऱ्याचा मान मोठा आहे: सबंध जनुकसंच उलगडला गेलेला तो पहिला भुंगेरा, साल २००८.

दुसरी गंमत फसव्या मण्यांची. गाजरगवतावर पिवळट पाठीचा, काळ्या नागमोडी रेघांचा गोलसर भुंगेरा दिसतो. गाजरगवताचा नायनाट करायला तो मेक्सिकोतून बेंगळूरला आणला आणि १९८४ मध्ये सोडला. झायगोग्रामा त्याचं नाव. मावा खाणाऱ्या ठिपक्यांच्या लेडीबर्डशी लोक त्याची हमखास गल्लत करतात. भिंगाखाली झायगोग्रामाच्या प्रत्येक पायाला चार मणी दिसतात, खरे असतात पाच. तिसरा मणी दुभंगून रुंद झालेला असतो आणि चौथा इवलासा त्याच्या खाचेत लपलेला. लेडीबर्डला तीन दिसतात, खरे असतात चार, आणि तिच्यात तिसरा लपलेला असतो. शिवाय लेडीबर्डच्या आखूड मिशीच्या टोकाला गाठ असते, झायगोग्रामाची मिशी दोऱ्यासारखी. लेडीबर्ड कॉक्सिनेलिडी कुलातली, झायगोग्रामा क्रायसोमेलिडी, म्हणजे पानभुंगेऱ्यांच्या कुलातला.

लपलेला चौथा मणी लक्षात ठेवा. हरभरा-मुगातला भुंगेरा, भोपळ्या-काकडीच्या पानावरचा तांबडा भुंगेरा, आंब्याचं खोड पोखरणाऱ्या भिरडाचा लांब मिशांचा प्रौढ, खानापूरकडच्या काजूची मुळं पोखरणारा त्याचा भाऊबंद आणि आक्काच्या दोन्ही बरण्यांतले किडे, सगळ्यांचा चौथा मणी असाच लपलेला असतो.

मोजताना एक धोका: पाय तुटतात. आणि शेणाचे गोळे लोटणाऱ्या काही शेणकिड्यांना पुढच्या पायांना मणीच नसतात. म्हणून किमान दोन नमुने बघा.

मिशा

हुमणीच्या भुंगेऱ्याची आणि शेणकिड्याची मिशी टोकाला पुस्तकाच्या पानांसारखी उघडते, मिटते. स्कॅरॅबिडी कुलाची ही ठळक खूण. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आणि घरच्या हळद-मिरचीतही आढळणारा तांबूस, पाठ फुगलेला, डोकं छातीखाली वळवून बसणारा लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने घ्या. त्याची मिशी करवतीच्या दात्यांची, आणि सेरिकॉर्ने या शब्दाचा अर्थच करवती शिंगाचा. तो टिनिडी कुलातला.

आता आक्काच्या बरण्या. तांदळातल्या सोंड्याची, सायटोफिलसची, मिशी कोपरात वाकलेली असते. पहिला खंड लांब, मग एकदम वाक. त्याच्या ढालपंखांवर चार तांबूस डागही दिसतात. रताळ्यातला सोंड्या, सायलस फॉर्मिकेरियस, मुंगीसारखा दिसतो. छाती आणि पाय तांबडे, पंख निळसर काळे, आणि मिशी सरळ, कुठं कोपर नाही. नराच्या मिशीचा शेवटचा खंड लांबट, मादीचा आखूड अंडाकृती. तांदळातला कर्क्युलिओनिडी कुलातला, रताळ्यातला ब्रेंटिडी कुलातला. वर कर्क्युलिओनॉइडिया या एकाच महाकुलात दोघे भेटतात. चुलत घराणी म्हणा.

म्हणून आक्काला सांगितलं, "कणगीचा नि रताळ्याचा संबंध नाही. कणगी तांदळासाठी उन्हात टाक. रताळ्यासाठी सऱ्यांना मातीची भर दे, भेगा बुजव, कारण तो बहुतेक भेगेतून कंदापर्यंत पोचतो. काढणीनंतर जुने वेल आणि किडके कंद शेतात ठेवू नको, आणि पुढच्या खेपेला त्याच वाफ्यात रताळी लावू नको."

हुमणी: अळीवरून ओळख

उसाच्या पट्ट्यात कुलापर्यंत पोचून भागत नाही. वळवाच्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर बसणारे तपकिरी भुंगेरे, आणि नंतर मुळं कुरतडणाऱ्या इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्याकडं हुमणी एक नाही. होलोट्रिकिया सेराटा आहे, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा आहे, आणखीही आहेत, आणि त्यांचे जमिनीतून वर यायचे दिवस, अळी राहण्याचा काळ सारखे नाहीत. औषध कधी टाकायचं हे जातीवर अवलंबून असतं.

उकिरड्यात पांढऱ्या अळ्या दिसल्या की हुमणी म्हणून घाबरायचं कारण नाही. अळी सपाट जागेवर ठेवा. पाठीवर उलटी होऊन सरपटत निघाली तर ती फुलभुंगेऱ्याची, कुजलेलं खाणारी, हुमणी नव्हे. तशी चालली नाही तर शेपटाकडचा भाग भिंगाखाली घ्या. गुदद्वाराची चीर आडवी असेल तर ती गेंडा भुंगा किंवा त्याच्या जवळच्या उपकुलातली. इंग्रजी वाय किंवा व्ही अक्षरासारखी असेल तर मेलोलोंथिनी, म्हणजे होलोट्रिकिया-ल्युकोफोलिसचं उपकुल. चिरेच्या पुढं राठ केसांची नक्षी असते. काहींत दोन समांतर ओळी, काहींत नुसतेच विखुरलेले केस. प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरवायला तज्ज्ञ हीच नक्षी वाचतात. जातीचा शेवटचा निकाल बहुतेक वेळा नराच्या जननांगाच्या आकारावर लागतो. ते काढून कॉस्टिक पोटॅशच्या पातळ, कोमट द्रावणात स्वच्छ करून बघतात. घरी करायचं हे काम नव्हे.

नाती लावायची रीत

कुल ओळखणं म्हणजे आडनाव कळणं. कोण कुणाच्या जवळचा हे त्यापुढचं काम. त्याची शिस्त जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये घालून दिली. गाभा एवढाच: जुनी, सगळ्यांनाच वारशानं आलेली खूण नातं सांगत नाही. नंतर नव्यानं उपजलेली आणि वाटून घेतलेली खूणच नातं सांगते.

वहीत तक्ता आखून बघा. उभे सात भुंगेरे: सहा ठिपक्यांचा भुईभुंगेरा, शेणकिडा, हुमणीचा भुंगेरा, पिठातला तांबडा, हिंगे, झायगोग्रामा, तांदळातला सोंडा. आडव्या खुणा: पोटाची दुभंगलेली पट्टी, सगळीकडं उघड दिसणारे पाच मणी, पानांची मिशी, मागच्या पायाला चारच मणी, लपलेला चौथा मणी, सोंड. असेल तिथं १, नसेल तिथं ०.

पाच मण्यांचा रकाना आधी फसवतो. भुईभुंगेरा, शेणकिडा आणि हुमणी तिघांत १ पडतो, म्हणून तिघांना एकत्र बांधावंसं वाटतं. पण भुंगेऱ्यांच्या घराबाहेर डोकावा. वाळूत नरसाळ्यासारखे खड्डे करणाऱ्या मुंगीसिंहाचा पंखवाला प्रौढ भुंगेऱ्यांच्या जवळच्या गणांपैकी एका गणातला. त्याच्याही पायांना पाचच मणी. म्हणजे पाच मणी पणज्याच्याही आधीपासूनचे. त्या रकान्यावरून जोडी लावायची नाही. बाहेरच्या नातलगाला विचारून नवं-जुनं ठरवायची ही पायरी बरेच जण गाळतात आणि तिथंच झाड चुकतं.

उरलेल्या रकान्यांत पानांची मिशी शेणकिडा आणि हुमणीला बांधते, मागचे चार मणी पिठातल्याला आणि हिंगेला, लपलेला चौथा मणी झायगोग्रामा आणि सोंड्याला. सोंड एकट्या सोंड्याला आहे आणि दुभंगलेली पट्टी एकट्या भुईभुंगेऱ्याला, त्यामुळं या दोन खुणा त्यांची ओळख पटवतात, पण या सातांत कुणाशी नातं जोडत नाहीत. आता या तीन जोड्यांत आपसांत कोण जवळ? भिंगाला दिसणाऱ्या खुणा इथं अपुऱ्या पडतात. आतली रचना आणि डीएनए सांगतात की मण्यांवरून लागलेल्या दोन्ही जोड्या क्युक्युजिफॉर्मिया या एका मोठ्या फांदीवर आहेत आणि पानांच्या मिशांचे त्या फांदीबाहेर. भुईभुंगेरा सगळ्यांच्या आधी, वेगळ्या उपगणात फुटलेला. एवढं काढलं की वहीच्या पानावर वंशवृक्ष उभा राहतो.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १४६ जातींची ४,८१८ जनुकं ताडून असाच वृक्ष काढला गेला. त्यातली एक गोष्ट शेतकऱ्यानं ऐकावी अशी आहे. भिरूड, पानभुंगेरे आणि सोंडे यांच्या पूर्वजांना झाडाच्या पेशींची भिंत पचवणारी काही जनुकं जिवाणू आणि बुरशीकडून मिळाली. लाकूड आणि पानं खाणाऱ्या या घराण्यांचा एवढा विस्तार होण्यामागं तेही एक कारण मानलं जातं. भुंगेऱ्यांचे सगळ्यात जुने जीवाश्म सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. फुलझाडं त्यानंतर फार उशिरा आली.

नातं नव्यानं कळलं की आडनावही बदलतं. हरभऱ्यातल्या भुंगेऱ्याचं कुल पूर्वी ब्रुकिडी होतं, आता ते पानभुंगेऱ्यांच्या कुलातलं एक उपकुल आहे. वाघ-भुंगेऱ्यांचं उलटं. त्यांना बरीच वर्षं भुईभुंगेऱ्यांत घातलं जायचं, २०२० नंतर पुन्हा स्वतंत्र कुल मानणारे वाढले. जुन्या वहीतलं नाव वेगळं दिसलं तर ते खोडू नका, शेजारी नवं लिहा. शेवटी इडी आलं तर कुल, इनी आलं तर उपकुल, ऑइडिया आलं तर महाकुल, एवढं ध्यानात असलं की कुठल्याही नावाची पायरी कळते.

जातीपर्यंत नाव हवंच असेल तर नमुना, चिठ्ठी आणि स्वतः मोजलेल्या खुणा घेऊन धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग, बेंगळूरचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो किंवा पुण्यातलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र गाठा. "हा कुठला किडा?" एवढंच विचारण्यापेक्षा "पॉलिफागा, ५-५-४, मिशी मण्यांची, तुरीवर सापडला" असं सांगितलंत तर पुढचं बोलणं नेमकं होतं. डीएनएवरून ओळख करायची असेल तर सीओआय नावाच्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तो आधीच्या नोंदींशी ताडतात. त्यासाठी तीव्र अल्कोहोलमधल्या नमुन्याचा एक पाय पुरतो.

पेटी घट्ट झाकणाची घ्या, आत डांबरगोळी ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला उघडून बघा. एखाद्या टाचणीखाली बारीक भुसा दिसला तर संग्रहातले सुके भुंगेरे खाणारा डर्मेस्टिडी कुलातला भुंगेरा आत शिरला आहे. सगळी पेटी आठवडाभर फ्रीजरमध्ये घाला, आणि तो सापडला तर त्यालाही चिठ्ठी लावून ठेवा.